काढून टाका, साहेब!

वर्गात आमचे विद्यार्थी अनुस्वाराचे जे करतात, तेच गॅरेजातले काही कारागीर थर्मोस्टॅटचे करतात. नडला, की काढून टाकतात! गेल्या उन्हाळ्यात घाट चढताना माझ्या जुन्या मोटारीचा काटा लाल रेघेला भिडला, तेव्हा मलाही तोच सल्ला मिळाला. "काढून टाका, साहेब! थंड मुलखातली चीज ती. आपल्याकडे तिचं काय काम?" मी नवा थर्मोस्टॅट विकत आणला आणि रविवारी घरीच बसवला.

हे प्रकरण आहे तरी काय? इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर बसवलेली लहानशी झडप. तिच्या पोटात मेणाची कुपी. पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापले, की मेण वितळून फुगते, दांडा सरकतो आणि रेडिएटरचे दार उघडते. ना वीज, ना तार! झडप मिटलेलीच अडकली, तर इंजिन उकळते. तशीच गाडी रेटली, तर हेड वाकते आणि थोडक्यातले काम हजारांवर जाते.

पण इंजिनाला गारठाही बाधतो, वाचकहो! झडप नसली, तर ते उशिरा तापते, पेट्रोल जास्त पिते, तेलात ओल साचते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरते आणि गाडी उलट अधिक तापते.

काम अवघड नाही. घाई मात्र नको. इंजिन पुरते थंड होऊ द्यावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळते पाणी तोंडावर उडते. मग थोडे कूलंट उतरवावे, वरच्या नळीच्या बुडाशी असलेल्या टोपणाचे बोल्ट सोडावेत आणि झडप काढावी. मी जुनी झडप दोऱ्याने बांधून एका टाकाऊ पातेल्यात सोडली. पाणी उकळले, तरी दार उघडेना! नवी मात्र वेळेवर उघडली. बसवताना तिची स्प्रिंग इंजिनाकडे ठेवावी, जुने गॅस्केट खरवडून नवे घालावे आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. कूलंट भरून आतली हवा काढावी. इंजिन चालू केल्यावर वरची नळी काही वेळ गारच राहते आणि मग एकाएकी तापते. दार उघडल्याची ती खूण!

उतरवलेले कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड, पण मुलांना आणि कुत्र्यामांजरांना विषारी असते.

आणि कोणी "काढून टाका" म्हणालेच, तर त्याला एवढेच विचारावे : "मग गाडी बनवणाऱ्याने घातला कशाला?"