वीतभर मुळाला चार महिने

मागच्या भागात आपण अमीबापाशी थांबलो होतो. त्याला ना हृदय, ना नळ्या. भोवतीच्या पाण्यातला ऑक्सिजन आपसूक आत झिरपतो आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. मग अनेक पेशींच्या सजीवांनाच वाहतुकीचा एवढा खटाटोप का?

उत्तरासाठी कुंभकोणमजवळच्या आडुतुरैला जाऊ. तंजावरच्या भोसल्यांच्या जुन्या मुलखातलं हे गाव. इथली भात संशोधन संस्था 1922 सालची. ‘एडीटी’ या अक्षरांचे भाताचे वाण इथलेच. कावेरीचं पाणी आलं की जूनमध्ये इथे कुरुवै हंगाम धरतात. भात अल्प मुदतीचं, साधारण 110 दिवसांत कापणीला येणारं. हा आकडा ध्यानात असू द्या.

पाण्यातला ऑक्सिजनचा रेणू सरळ चालत नाही, धक्के खात भरकटतो. म्हणून अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, आणि दहापट झालं की शंभरपट. मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे एका लहान पेशीची रुंदी, तो सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात ओलांडतो. एका मिलिमीटरला चार मिनिटं, सेंटिमीटरला सात तास. आणि भाताच्या वीस सेंटिमीटर मुळाला? जवळजवळ चार महिने! तोवर कुरुवैचं भात खळ्यावर गेलेलं असेल. वाटेतल्या पेशी त्याला गिळतील ते वेगळंच. डेन्मार्कचे नोबेल विजेते शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी असाच हिशेब मांडला होता: निव्वळ झिरपण्यावर जगणारा गोल सजीव साधारण एका मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही.

मुळांनी मातीतून ऑक्सिजन घ्यावा, तर चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरात जीवाणू तो लवकरच संपवून टाकतात. ज्वारीच्या रानात असं पाणी तुंबलं तर पीक पिवळं पडतं. भात मात्र मजेत असतं, कारण त्याच्या मुळांतल्या काही पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि त्यांच्या जागी लांबलचक पोकळ्या उरतात. पोकळीत पाणी नाही, हवा आहे. आणि हवेत ऑक्सिजन पाण्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. चार महिन्यांचा प्रवास पाव तासाच्या घरात येतो. वाहतूक म्हटली की आपल्याला पंपच आठवतो. इथे पंप नाही, रेणूंचं भरकटणंही तेच. बदलला तो फक्त रस्ता.

वाटेत गळती होऊ नये म्हणून मुळाच्या बाहेरच्या थरात बुचाच्या सालीत असतं तेच मेणट द्रव्य साठतं. टोकाजवळ मात्र थोडा ऑक्सिजन निसटतोच. रोप उपटून मुळं धुऊन पाहा: अनेकदा त्यांच्यावर तांबूस लेप दिसतो. तो चिखलातल्या विरघळलेल्या लोहाला चढलेला गंज.

हाच रस्ता उलट दिशेनेही चालतो. चिखलात तयार होणारा मिथेन मुळांत शिरतो आणि याच पोकळ्यांतून वर येऊन हवेत मिसळतो. भरल्या खाचरातला बराचसा मिथेन असा रोपातूनच बाहेर पडतो. म्हणून खाचर कायम तुडुंब न ठेवता मधूनमधून सुकू द्यावं, असा सल्ला आता दिला जातो. मातीत हवा शिरली की मिथेन करणारे जीव मंदावतात, आणि कावेरीचं पाणीही वाचतं. डेल्टाच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्यांना हे दुसरं कारण अधिक पटावं.

पोकळ्यांनी हवेचा प्रश्न सुटला. पाणी आणि साखर हवेतून नेता येत नाहीत. त्यांच्या नळ्यांकडे पुढच्या आठवड्यात.