जुनी पेठ आणि भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडामातीखाली गाडली गेली. तेव्हापासून दगडी भिंत म्हणजे वैरीण, अशी समजूत या मुलखात रुजली. मग परंड्यासारख्या गावातील जुन्या पेठेतली दुकाने पाडूनच टाकावीत काय?

आम्हांस तसे वाटत नाही. दोष दगडाचा नव्हे, न जखडलेल्या दगडाचा आहे. जाड भिंतीला आतला व बाहेरचा असे दोन पदर असतात. मध्ये माती आणि चिपा. धक्का बसला की पदर सुटतात, भिंत फुगते व ढासळते. वर माळवदाचा भार. भार जितका अधिक, तितका धक्क्याचा जोर अधिक. शिवाय दुकानाला तीन बाजूंनी भिंत, दर्शनी बाजूला नुसते खांब. म्हणून इमारत पिळवटते.

उपाय गवंडी-सुताराच्या हातचे आहेत; मोजणी मात्र अभियंत्याने करावी. माळवदावरची जादा माती उतरवावी. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोके पाडून सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही पदर जखडतात. दारांच्या वरून लोखंडी जाळी व सिमेंटचा अखंड पट्टा फिरवून तो दर्शनी तुळईशी जोडावा. खांब व तुळईच्या कोनांत तिरपे टेकू ठोकावेत. किल्लारीकडे भिंती पडूनही लाकडी खण उभे राहिल्याचे अनेक ठिकाणी दिसले, हे विसरू नये.

किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या नकाशात पहिल्या विभागात होता. २००२ साली तो तिसऱ्यात गेला. धरणी कधी हलेल हे सांगता येत नाही. भिंत आज जखडणे मात्र आपल्या हाती आहे.