हुकूम आणि विश्वास

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. साथ आवरण्यासाठी सरकारने रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रोग्यांना वेगळे ठेवणे, घरे जंतुनाशकांनी धुणे हे उपाय अनाठायी नव्हते. परंतु मार्चपासून ते गोऱ्या सोजिरांकरवी सक्तीने अमलात आले. झडतीत देवघराचा वा माजघराचाही मान राखला जाईना. तक्रारींना दाद मिळेना. भयभीत लोक रोगीच लपवू लागले आणि साथीला आळा घालणे अधिकच कठीण झाले.

ही सक्ती सुरू होण्यापूर्वी याच साथीत सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्यासह शहराबाहेर दवाखाना चालवीत होत्या. रोग्याला वस्तीपासून दूर तेथेही न्यावेच लागे. मात्र त्याला न्यावयास ६६ वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः जात. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले, असे सांगतात. या शुश्रूषेतच त्यांना प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

संकटात नियम हवेतच. पण नियम करणारा लोकांपासून दूर उभा राहिला, तर लोक दारे लावून घेतात. तो त्यांचे दुःख वाटून घेणारा असला, तर आपले माणूस विश्वासाने त्याच्या हाती सोपवितात.