चाचणीच्या नोंदी पुसताना खऱ्या तक्रारी जपा

फुलसावंगी, प्रतिनिधी - मतदान यंत्रावर प्रत्यक्ष मतदानापूर्वी किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतले जाते. ती मते मोजून, पुसूनच खरे मतदान सुरू होते. वेब होस्टिंग सेवेच्या तक्रार नोंदणी प्रणालीलाही हीच शिस्त लागू पडते. प्रणाली सुरू करण्यापूर्वी कर्मचारी नमुन्यादाखल तक्रारी नोंदवून पाहतात. त्या तशाच राहिल्यास प्रलंबित तक्रारींचा आकडा फुगतो. मात्र पुसताना हात चुकला, तर फुलसावंगीसारख्या गावातील दुकानदाराने संकेतस्थळ बंद पडल्याची केलेली खरी तक्रारही नाहीशी होऊ शकते.

आधी बॅकअप
पुसण्यापूर्वी डेटाबेसची पूर्ण प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. नेहमीच्या बॅकअप व्यवस्था निकामी असल्याचे तेव्हा उघड झाले. सुमारे ६ तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या वेळेतील नोंदी मात्र गेल्याच.

नोंद कशी ओळखावी?
विषयात 'टेस्ट' हा शब्द असणे पुरेसे नाही. 'टेस्ट मेल जात नाही' असे खरा ग्राहकही लिहितो. म्हणून चाचणीसाठी उघडलेल्या खात्याचा क्रमांक आणि प्रणाली सुरू झाल्याची तारीख या दोन्ही अटी लावाव्यात. त्याच अटींवर प्रथम 'सिलेक्ट' आज्ञा देऊन यादी तपासावी, संख्या टिपावी; मगच 'डिलीट' द्यावी. मायएसक्यूएलमधील इनोडीबी तक्त्यांवर हे काम ट्रान्झॅक्शनमध्ये केल्यास, संख्या न जुळल्यास 'रोलबॅक'ने माघार घेता येते. मायआयसॅम तक्त्यांना ती सोय नाही. 'ट्रंकेट' आज्ञा तर संपूर्ण तक्ताच रिकामा करते व मायएसक्यूएलमध्ये ती मागे घेता येत नाही. खऱ्या तक्रारी येऊ लागल्यानंतर ती वापरू नये.

मागे काय उरते?
उत्तरे, टिपणे आणि जोडलेल्या फायलींच्या नोंदी बहुधा वेगळ्या तक्त्यांत असतात. त्या आधी काढून मूळ तक्रार शेवटी काढावी. सर्व्हरवरील फायलीही हटवाव्यात. तक्रारींचे क्रमांक मात्र पुन्हा १ पासून सुरू करू नयेत. जुन्या क्रमांकाचा ई-मेल आल्यास एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तक्रारीला जोडले जाण्याचा धोका असतो. क्रमांकांत खंड पडला तरी चालतो. ग्राहकाची तक्रार हरवलेली चालत नाही.