मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित रिग्रेशन अहवाल : स्वरूप व शिष्टाचार

प्रस्तावना :
'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद मराठीच्या अध्यापकांस सांगावयास नको. पहिला शब्द गुरूसाठी, दुसरा स्वयंपाक्यासाठी. संगणकाच्या पडद्यावर हा भेद टिकतो तो फाँट व अक्षरजुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. फायरफॉक्स, क्रोम व लिबरऑफिस यांत हे कार्य 'हार्फबझ' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करते. उद्या त्यातील एखाद्या सुधारणेमुळे दुसरा शब्द पहिल्यासारखा दिसू लागला, तर त्यास 'रिग्रेशन' म्हणता येईल. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलाने बिघडणे, हा त्याचा अर्थ होय. संख्याशास्त्रातील रिग्रेशनशी त्याचा संबंध नाही.

अहवालाचे स्वरूप :
मुक्तस्रोत प्रकल्पांत अनेक देशांतील व्यक्ती सतत बदल पाठवितात. प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या हाताने घेणे अशक्य असल्याने त्या यंत्राकडे सोपविल्या जातात. लिनक्सच्या गाभ्यासाठी इंटेलचा 'कर्नल टेस्ट रोबोट' आणि २०१७ पासून गुगलचा 'सिझबॉट' हे काम करतात. दोष आढळल्यास बदलांचे निम्मे-निम्मे भाग तपासत जाण्याची पद्धत वापरली जाते. तिच्यामुळे १००० बदलांतील दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो. त्यानंतर त्या बदलाच्या लेखकास ईमेल जातो.

शिष्टाचाराची आवश्यकता :
दोष कधी दिसत असेल व कधी दिसत नसेल, तर ही पद्धत निरपराध बदलावर बोट ठेवू शकते. म्हणून पुढील संकेत महत्त्वाचे ठरतात.

१) अहवालात सॉफ्टवेअरची आवृत्ती, चाचणीची स्थिती व दोष पुन्हा घडवून पाहण्याची कृती असावी.
२) रोख बदलावर असावा, व्यक्तीवर नव्हे.
३) एकच दोष वारंवार कळवू नये.
४) यंत्रास उत्तर देण्याची सोय असावी. 'दोष दुरुस्त झाला', 'हा पूर्वीचाच दोष आहे' किंवा 'अहवाल ग्राह्य नाही' अशा सूचना सिझबॉट ईमेलद्वारे स्वीकारतो.
५) दुरुस्ती करणाऱ्याने दोष कोणी कळविला याची नोंद करावी, मग कळविणारे यंत्र का असेना.

लिनस टोरवाल्ड्स यांच्या आग्रहानुसार लिनक्समध्ये वापरकर्त्याचे चालू काम बिघडवणे वर्ज्य मानले जाते. दुरुस्ती लवकर शक्य नसेल, तर बदल मागे घेतला जातो. यात लेखकाचा अवमान नसतो.

निष्कर्ष :
यंत्रास राग-लोभ नसतो. परंतु अहवाल वाचणारा माणूस, बहुधा स्वयंसेवक, असतो. अविश्वसनीय अहवालांचा मारा झाला की तो खरे अहवालही वाचेनासा होतो. दुसरी बाब अधिक जवळची आहे. जी चाचणी यंत्रास कोणी दिलीच नाही, त्या दोषाबाबत यंत्र मौन पाळते. 'आचाऱ्यास' योग्य दिसतो की नाही, ही चाचणी मराठी जाणणाऱ्यासच सुचेल. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र बसून अशा शब्दांची यादी केली व ती रीतसर प्रकल्पाकडे पाठविली, तर हे मौन काही अंशी तरी मोडेल.