थकवा मोजायला रुग्णांनी शिकवले

आमवाताचा रुग्ण दवाखान्यात गेला, की सुजलेले सांधे मोजले जातात, वेदना किती हे विचारले जाते, रक्तातला दाह तपासला जातो. रिपोर्ट सुधारला, की औषध लागू पडले असे धरले जाते. रुग्णाची तक्रार मात्र उरतेच : ‘दुखणे कमी आहे, पण अंगात त्राण नाही.’

ही तक्रार संशोधनाच्या कागदावर यायला बराच काळ लागला. आमवाताच्या नव्या औषधांची चाचणी घेताना काय मोजायचे, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांनी ठरवले. त्या यादीत सूज, वेदना, हालचालीतील अडचण, रक्ततपासणी होती. थकवा नव्हता.

अशी मोजमापे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील परिषदेत प्रथमच ११ रुग्णांना चर्चेत सहभागी करून घेतले. तिथे थकव्याचा मुद्दा पुढे आला. हा थकवा दिवसभराच्या कामाने येणारा शीण नव्हे. तो अचानक गाठतो, विश्रांतीनेही पुरता जात नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी घेतलेल्या मुलाखतींतही रुग्णांनी हेच सांगितले. अनेकांनी तर तो डॉक्टरांपुढे काढणेच सोडून दिले होते. अखेर आमवाताच्या चाचण्यांत शक्य तिथे थकवाही मोजावा, अशी शिफारस २००७मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ब्रिस्टलच्या गटाने रुग्णांच्याच शब्दांचा आधार घेऊन थकव्याची प्रश्नावली तयार केली.

याचे महत्त्व साधे आहे. जे मोजलेच जात नाही, त्यावर औषधाचा उपयोग होतो की नाही, हे कधीच कळत नाही.

भारतात औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. ही तरतूद मोलाची आहे. पण समितीपुढे येतो तो बहुतेक तयार झालेला प्रस्ताव. काय शोधायचे आणि काय मोजायचे, हे तोवर ठरून गेलेले असते. रुग्णाला खरा भागीदार करायचे, तर त्याला त्याआधी, प्रश्न ठरत असतानाच बोलवायला हवे. सही करण्यापुरता आलेला रुग्ण फक्त माहिती देतो. सुरुवातीपासून सोबत असलेला रुग्ण संशोधकाला न सुचलेला प्रश्न देतो.