समजून घ्या : आकाशातल्या सहा लाख रेडिओ स्रोतांची यादी कशी झाली?

भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीच्या क्षितिजावर वर्षभरात जेवढे आकाश येते, त्याच्या बहुतांश भागाची रेडिओ नोंद महाराष्ट्रातूनच झाली आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 'जीएमआरटी' ही दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ९० टक्के आकाश टिपले.

मग यादीला २०१७ का उजाडले?

या लहरींची लांबी दोन मीटर. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनोस्फिअर त्यांना वाकवतो. वाहत्या ओढ्याच्या तळातला दगड हलताना दिसावा, तसा स्रोत जागेवरून सरकतो, धूसर होतो. शिवाय हा परिणाम प्रत्येक दिशेला वेगळा आणि मिनिटागणिक बदलणारा. विजेच्या तारांचा गोंगाट वेगळाच! ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी साठवलेली सगळी माहिती संगणकावर पुन्हा तपासून दिशेनुसार दुरुस्त केली. गोंगाटाच्या किमान सातपट ठळक असेल, तोच स्रोत यादीत घेतला. अंधूक स्रोत त्यामुळे सुटले. पण खोट्या नोंदींपेक्षा ते परवडले.

हाती आले सुमारे ६.२ लाख स्रोत. यातले बहुतेक तारे नाहीत, दूरच्या दीर्घिका आहेत. १५० मेगाहर्ट्झवर ठळक, पण १४०० मेगाहर्ट्झवर फारच फिका असा स्रोत दिसला, की तो अतिदूरची दीर्घिका असण्याची शक्यता वाढते. मोठ्या दुर्बिणी कुठे वळवायच्या, हे खगोलशास्त्रज्ञ अशाच नोंदींवरून ठरवतात. ही यादी सर्वांसाठी खुली आहे.